घड्याळजी काकांचा तिसरा चष्मा

मी एक जुना कॅमेरा आहे, डोळ्याच्या आत पाहणारा. हनुवटी टेकवायच्या माझ्या पट्टीला तडा गेला आहे, पण भिंग अजून लख्ख आहे. मित्रांनो, रागावलेला कॅमेरा तुम्ही पाहिला नसेल. आज पाहा.

मी दवाखान्यात नवा आलो, तेव्हा डॉक्टरीणबाई येईल त्याला सांगत, "हा डोळ्याच्या पडद्याचे थरसुद्धा मोजतो!" घड्याळजी काका तर मला उघडायलाच निघाले होते.

"काका, हात नका लावू!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"अहो, बघतो नुसतं. ह्याचं भिंग माझ्यापेक्षा भारी आहे का ते!"

मधुमेहामुळे ते दर वर्षी येत. एके वर्षी कुरकुरले, "चष्मा चुकलाय. घड्याळ उघडतो, पण पुन्हा जुळतच नाही." नवा चष्मा मिळाला. पुढच्या वर्षी तीच तक्रार, पुन्हा चष्मा. मग तिसरा.

"आता चष्म्यांचंच दुकान काढा," काकू म्हणाल्या. सगळे हसले.

मला हसू आले नाही. काकांच्या पडद्याचा थर वर्षागणिक पातळ होत होता आणि मी तो दाखवत होतो. डॉक्टरीणबाई मात्र त्या दिवसाचा फोटो उघडत, मधुमेहाने काही बिघडले नाही ना एवढे पाहत आणि बंद करत. जुना फोटो शेजारी ठेवून पाहावा, हे कुणाच्या डोक्यातच येईना. अहो, मग जपून ठेवता कशाला?

असा थर झिजणे ही कधी कधी स्मृतिभ्रंशाची चाहूल असू शकते, असे अभ्यासक म्हणतात. नक्की नव्हे. मी काही मेंदू पाहत नाही, माझे चुकतही असेल. पण शंका तरी घ्याल की नाही?

यंदा काकांनी पट्टीवर हनुवटीऐवजी कपाळ टेकवले. काकूंनी हळूच त्यांचे डोके सरळ केले. फोटो झाल्यावर ते उठले आणि काकूंना अदबीने म्हणाले, "बसा बाई, आता तुमचा नंबर."

"अहो, मी..." काकूंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले.

तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी सगळ्या वर्षांचे फोटो एकत्र उघडले. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या. मी हे आधीच बघायला हवं होतं."

"तीन चष्मे घेतले हो आम्ही," काकू एवढेच म्हणाल्या.

जाता जाता काका माझ्यावर वाकले. "छान भिंग आहे. नवीन आणलंत?"

मित्रांनो, मला खुशाल अडगळीत टाका. पण घरातले कुणी चष्मा चुकलाय, चष्मा चुकलाय म्हणत राहिले, तर हसू नका. डॉक्टरांना ठणकावून सांगा, "डोळ्याचा जुना फोटोही उघडा, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा."