उलटं चाक

अगं, तू आधी ऐक. मधी मधी "पण... पण..." करायचं नाय, नायतर कुठपर्यंत आले तेच मी विसरेन.

आपली सुलू गं, कुंभारवाड्यातल्या रामनाथकाकांची. तू सालवडला राहायला गेलीस आणि इकडं आपल्या पालघरकडच्या माहीमला काय रामायण झालं ते तुझ्या गावीच नाय!

आता कुंभाराच्या घरात माती कोण तुडवतं? बाई. खडे कोण वेचतं? बाई. ओल्या मडक्याला थापटून थापटून बूड कोण आणतं? बाई. टोपली डोक्यावर घेऊन बाजारात घसा कोण फोडतं? तीच. पण चाकावर बाई बसली की भट्टी फुटली! दसऱ्याला चाकाला हळदकुंकू वाहायला बाईचा हात चालतो, एरवी शिवायचं नाय.

सुलू लहानपणापासून बाबांच्या समोर बसायची, मातीचे गोळे हातात द्यायला. समोर, बरं का. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार हाय. बाबांचा हात आत कसा शिरतो, माती वर कशी येते, सगळं पोरीनं डोळ्यांनी गिळलेलं. जेवताना भाताच्या मुदीत अंगठा खुपसून फिरवायची. तिची आई, रखमाकाकी, वरडायच्या, "सुले, भात हाय तो, मडकं नाय!"

मग पालघरला मुंबईच्या चंद्रकांताबाई आल्या. मातीची शिल्पं शिकवायचं शिबिर, एका जुन्या शेडमध्ये. रामनाथकाका म्हणाले, "जा. पक्षी-बिक्षी करायला शीक, कामाला येईल. चाक नाय ना तिथं?"

"नाय," सुलू म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं गं.

तर तिथं चाक! तेपण विजेवर चालणारं! पायानं दाबलं की घर्रर्र, सोडलं की गप्प. सुलूला पहिल्या दिवशी बगळा करायला दिला. बाई सांगतायत, "पोट आतून कोरून काढ, भरीव राहिलं तर भट्टीत फुटेल." सुलूनं पोट कोरलं, पाय केले, पण बगळ्याची मान काय सरळ होईना. सारखी चाकाकडं वळलेली! बोईसरच्या कॉलनीतून आलेल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणते, "कुंभाराची ना गं तू? मग लांबून काय बघतेस?"

"आमच्यात बाई बसत नाय चाकावर."

चंद्रकांताबाई हात पुसत आल्या. "हे चाक तुमच्यातलं कुठंय? हे माझं आहे. बस."

आणि बसली की ती! गोळा आपटला, पाणी लावलं, अंगठे घातले... अगं, माती सरळ उभी राहिली! नागोबासारखी! त्या कॉलनीवाल्या बायकांची मडकी रोज लोळायची, आणि हिचं पयल्या खेपेला उठलं. बाई म्हणाल्या, "कुठं शिकलीस?"

"शिकले नाय. बघितलं."

पण नशीब बघ. नेमका बाजाराचा दिवस. तिचे दिनानाथकाका त्याच रस्त्यानं बाजाराला चाललेले, आणि शेडचं दार सताड उघडं. सुलू एसटीतनं उतरून घरी पोचेस्तोवर सगळा वाडा अंगणात जमलेला.

"चाकावर बसली पोरगी!" दिनानाथकाका नाचतच होते. "भट्टी लावायला चार दिस उरलेत, आता एक मडकं धड निघणार नाय! बाईचा हात लागला की चाक रुसतं!"

सुलू दमलेली, कोपरापर्यंत माती सुकलेली. पण गप्प बसेल तर ती सुलू कसली? "काका, गेल्या साली तुमची अर्धी भट्टी फुटली. तवा कोण बाई बसलेली? काकी?"

वाड्यातले दोघं-तिघं तोंड फिरवून हसले. दिनानाथकाकांचं तोंड असं झालं, कच्ची चिंच चावल्यासारखं.

रामनाथकाका काय वरडले नाय. वरडले असते तर बरं झालं असतं. ते चाकापासून उठले आणि म्हणाले, "बस."

"बाबा?"

"पालघरच्या मशीनवर कोण पण बसंल. माझ्या चाकावर बस, सगळ्यांदेखत. मडकं उठलं तर तू मोकळी. नाय उठलं तर पालघर बंद, आणि चाकाचं नाव परत काढायचं नाय."

सुलू बसली. काठी खाचेत घालून चाक गरगरवलं, बाबा फिरवतात तसंच. गोळा ठेवला, हात लावला, आणि फट्! गोळा उडून दिनानाथकाकांच्या धोतरावर. दुसरा गोळा घेतला, तो निम्मा वर आला आणि पिळवटून बसला. असा हशा पिकला! "रुसलं, रुसलं! बोललो नव्हतो?"

सुलूच्या डोळ्यात पाणी आलं गं. हात तेच, माती घरची, मग होईना का? तिनं मान वर केली. समोर बाबा बसलेले. तिच्या जागेवर, गोळे द्यायच्या जागेवर! आणि त्यांचे हात मांडीवर आपोआप हलत होते, मडकं करताना हलतात तसे. त्यांचा उजवा हात हिच्या डाव्या हातासमोर.

आणि सुलूला कळलं! जन्मभर तिनं समोरून बघितलं होतं. आरशात बघितल्यासारखं. बाबांचा उजवा तो हिचा डावा झालेला! पालघरचं चाक फिरायचं बाबांच्या चाकाच्या उलट्या बाजूला, म्हणून तिथं तिचे उलटे हात बरोबर पडले. इथं मातीशी भांडत होते.

मग काय केलं तिनं, माहितीय? काठी उचलली. खाचेत घातली. आणि चाक उलटं फिरवलं.

अगं, वाडाच किंचाळला! उलटं म्हणजे मेलेल्याचं. उलटी प्रदक्षिणा कोण घालतं, तूच सांग. एका म्हातारीनं कानावर हात ठेवले. दिनानाथकाका "थांबव! थांबव तिला!" करत पुढं आले, तर सुलू मान न उचलता म्हणते, "हात लावू नका काका, तुमचं धोतर आधीच भरलंय."

आणि मडकं उठलं. सरळ, गळा धरून. काठ जरा एका बाजूला कलला, खोटं कशाला सांगू, पण मडकं ते मडकंच. कोण हसेना.

रामनाथकाका उठून जवळ आले. कललेल्या काठाला बोट लावून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हात हाय तुला. पण उलट्या चाकाचं मडकं माझ्या भट्टीत जाणार नाय. मोड ते. मोडलंस तर उद्यापासून तुला माझ्या बाजूला बसवून सुलट शिकवतो. मी स्वतः."

माझ्या बाजूला! समोर नाय, बाजूला! ह्याच्यासाठी तर ती लहानपणापासून भातात अंगठे खुपसत होती ना? मडकं काय, एका थापेत मोडलं असतं.

सुलूनं दोरा घेतला. मडक्याच्या बुडाखालून सरकवला, मडकं उचललं, आणि फळीवर बाबांच्या मडक्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं.

"सुलट शिकेन, बाबा. पण हे मोडणार नाय."

"मग मी शिकवणार नाय."

"नका शिकवू."

आणि परत येऊन बसली की चाकावर! परत काठी उचलली, परत उलटी. गोळा द्यायला समोर कोणच नाय. तेवढ्यात रखमाकाकी, ज्यांनी नवऱ्यापुढं कधी आवाज चढवला नाय, त्या पदर खोचून आल्या, रामनाथकाकांच्या समोरनं गेल्या, समोर बसल्या आणि गोळा लेकीच्या हातात दिला.

भट्टी अजून लागायचीय. ते मडकं फळीवर तसंच हाय, बाबांनी उचललेलं नाय आणि आत ठेवू असंही म्हटलेलं नाय. सुलू रोज पालघरला जाते. बापलेक बोलत नायत.

आता तू खरं सांग. बाबा स्वतः शिकवतो म्हणत होते गं, स्वतः! तू असतीस तर मोडलं असतंस?