लहरींच्या पेटीची परीक्षा

गल्लीत सगळे त्याला 'शॉक' म्हणायचे. धंदा वायरमनचा होताच, पण नाव पडलं ते खोड्यांमुळे. एकदा शेजाऱ्याची बेल दाबली की वरच्या मजल्यावरची वाजेल, अशी जोडणी करून पठ्ठ्या महिनाभर जिन्यात बसून हसत होता. पन्नाशी आली, तरी अक्कलदाढेऐवजी खोडीच उगवत होती.

पण कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या त्याच्या वहिनी म्हणाल्या, "सोमवारी मी केमोला जाणार नाही," तेव्हा शॉकचं हसू विझलं. दोनच राहिल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, या दोन चुकवायच्या नाहीत.

"चौकातल्या दुकानातल्या त्या लहरींच्या पेटीनं बरं वाटतं, भाऊजी. पट्टे बांधले की अंगातून लहर जाते. लहरीवाले म्हणतात, केमो बंद केली तरच पुरता गुण येईल."

शॉक तडक हॉस्पिटलात गेला. तिथे पेशंटच्या मदतीची एक खोली होती, ती सिस्टर बघायच्या.

"मालिश, श्वासाचे व्यायाम, गाणी, गप्पांचा गट, सगळं ठेवतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "पण औषधाच्या जोडीला. मळमळ, झोप, धास्ती, यावर काहींचा उपयोग होतो, तो आम्ही तपासून घेतो. आणि औषध सोडा म्हणणाऱ्याला इथे दार बंद."

"वहिनींना सांगा की!"

"दोनदा सांगितलं. मान डोलावतात आणि तिकडेच जातात."

मग शॉकनं आपल्या पद्धतीनं तपासायचं ठरवलं. लहरीवाल्याच्या दुकानातला दिवा लुकलुकत होता. "करून देतो, तुम्ही चहा पिऊन या," असं म्हणत त्याला बाहेर पिटाळलं आणि पेटी उघडली. दोन पट्ट्यांकडे जाणाऱ्या दोन वायरी सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली. हिरवा दिवा तसाच ठेवला.

गुरुवारी वहिनी हरखून आल्या. "आज लहर टाचेपर्यंत गेली!"

शनिवारी ती डोक्यात गेली.

रविवारी शॉकनं कबुली दिली. वहिनी लालबुंद झाल्या. "आजारी माणसाची खोडी काढता? लाज नाही वाटत?"

"वाटते. हे बघा, कान पकडतो. पण पेटी बुधवारपासून मेलेली आहे."

"खोटं! चला, दाखवा."

दुकानात वहिनींनी लहरीवाल्यालाच बसवलं. "तुम्ही लावा पट्टे. मला बघायचंय."

त्यानं पट्टे बांधले, डोळे मिटले. "अहाहा! काय छान लहर येतेय."

शॉकनं चार स्क्रू काढले. वायरी लोंबकळत होत्या. लहरीवाल्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"हे... म्हणजे... विश्वासावर चालतं हो."

"आणि माझी केमो त्याच विश्वासावर बंद पाडत होतात?" वहिनींचा आवाज इतका चढला, की बाहेरची दोन माणसं आत यायची थांबली.

परतताना वहिनी म्हणाल्या, "पण बरं वाटायचं, ते खोटं नव्हतं."

शॉकच्या जिभेवर विनोद आला होता, तो त्यानं गिळला. "काय व्हायचं तिथे?"

"पाऊण तास तो माणूस माझं ऐकून घ्यायचा. भीती कशाची वाटते, विचारायचा. घरी सगळे मला हसवता. तुम्ही तर सगळ्यात जास्त. रडायला जागाच नाही ठेवली."

हे मात्र शॉकला जोरात लागलं.

सोमवारी वहिनी केमोला हजर झाल्या. सिस्टरना थेट म्हणाल्या, "मळमळीसाठी तो श्वासाचा व्यायाम शिकवा. आणि पाऊण तास ऐकणारं कुणी द्या. नुसतं ऐकणारं."

"व्यायाम आत्ता शिकवते. गप्पांचा गट गुरुवारी असतो, नाव लिहून घेते," सिस्टर म्हणाल्या. "आजच्या पाऊण तासाला..." त्यांनी शॉककडे संशयानं पाहिलं. "यांना जमेल?"

शॉक तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "जमेल. शिकवलं की शिकतात."

सुई लागली. शॉकनं खुर्ची पलंगाला भिडवली आणि तोंड बंद ठेवून बसला.