झुकत्या मापाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, रिसोडच्या इस्माईलभाईंच्या अफूच्या दुकानातला. तेव्हा अफू सरकारी परवान्यावर विकली जायची. माणसाने एक तोळ्यापर्यंत जवळ बाळगली तर चालायचं. त्यावर निघाली की गुन्हा. नुसती बाळगली तर दंडावर भागे, पण विकायला ठेवली असं ठरलं की तुरुंग.

वीस वर्षं मीच तोललं. मग काचेच्या पेटीतून नवा पितळी काटा आला, वर सरकारी शिक्का! इस्माईलभाई त्याला रोज मऊ फडक्याने पुसत आणि मी खिळ्यावर धूळ खात लटकलेला. मला त्याचं तोंड पाहवेना.

एका बाजाराच्या दिवशी रिठदची हिरीबाई वांगी विकून आली. म्हाताऱ्या बापाच्या खोकल्यासाठी ती तोळाभर अफू नेई.

"भाई, जुन्यावरच मोजा," ती म्हणाली. "नवा लय कंजूस हाये."

मला आभाळ ठेंगणं झालं. जुन्या गिऱ्हाइकाला झुकतं माप द्यायची इस्माईलभाईंची रीत होती. पारडं झुकायला लागलं तसं मी अंग आखडून धरलं, म्हणून त्यांनी आणखी एक चिमूट टाकली. देणं कसं असतं ते मला त्या नव्याला दाखवायचं होतं.

वेशीवर अबकारी शिपायाने हिरीबाईची पुडी तोलली. तोळ्यावर चार गुंजा भरली.

खटल्यात इस्माईलभाईंना साक्षीला बोलावलं. ते नवा काटा बगलेत घेऊन निघाले. कोर्ट पाहायलाही तोच! त्या दिवशी मी जळून कोळसा झालो.

संध्याकाळी ते परतले. त्यांच्या बायकोने, कमरुन्निसाने, विचारलं, "काय झालं?"

"तीन महिने. म्या सांगतलं, या काट्यावर तोळाच देल्ला. मंग सरकारी वकील म्हने, वरची अफू हिनं दुसरीकून चोरून घेतली, विकाले."

"तुमी तं जुन्यावर मोजली होती. मंग हा काहून नेला?"

"झुकतं माप कबूल केलं असतं तं परवाना गेला असता."

"आन् तिच्या बापाले कोन पाहीन?"

इस्माईलभाई उठले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून माळ्यावर पोत्याखाली टाकलं.

अजून तिथेच आहे. त्या चार गुंजांतल्या निम्म्या माझ्या मत्सराच्या होत्या. नव्याचा हेवा आजही वाटतो, खोटं कशाला बोलू? पण शिक्क्याचा नाही. हिरीबाई पिंजऱ्यात उभी असताना तो तिच्यासमोर होता, याचा.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, जपत जा. आणि आपल्या हातच्या मापापायी कुणी पिंजऱ्यात उभं असेल, तर खिळ्यावरचा जुना तराजू तेवढा सोबत न्या.