पडद्याची उजवी बाजू

काकूंच्या टीव्हीचा उजवा अर्धा भाग काळा पडून चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्यांनी जावयाला पाहिलं नव्हतं. लेक दर रविवारी टीव्हीवर व्हिडिओ कॉल करायची. ती डावीकडे दिसायची. जावई उजवीकडे, म्हणजे काळोखात, बसायचा. "हो ना रे?" असं लेक काळोखाकडे बघून विचारायची आणि मग "हो म्हणतोय" असं आईला सांगायची. जावई मुळातच मिठाची गुळणी धरून बसणारा, त्यामुळे आवाज येत नाही अशी तक्रारही करता येत नव्हती.

एकदा काकू म्हणाल्या, "जागा बदला की जरा." लेक म्हणाली, इकडून उजेड बरा येतो. दुरुस्तीचं काढलं, तर म्हणाली, कशाला खटाटोप, अर्ध्यात भागतंय की! तिथे काकूंच्या मनात पाल चुकचुकली. लेकीला न सांगता त्यांनी रविवारीच मेकॅनिक बोलावला.

त्याने टीव्ही पलंगावर पालथा घालून मागचं झाकण काढलं.

"स्क्रीन गेली का रे?"

"नाही हो काकू. मोठ्या बोर्डावरून चित्र या छोट्या बोर्डावर येतं. इथून दोन चपट्या पट्ट्या निघतात. एक डावीकडचं चित्र नेते, दुसरी उजवीकडचं. उजवीच्या टोकावर मळ बसलाय. चित्र इथवर येतं आणि अडकतं."

"म्हणजे तिकडे कुणी बसलं असेल, तर ते इथवर आलेलं असतं?"

"अगदी दाराशी."

त्याने पट्टीचं टोक खोडरबराने घासलं, परत खोचलं, हलू नये म्हणून कागदाची घडी दाबून बसवली आणि टीव्ही उभा केला. पडदा पूर्ण उजळला. तेवढ्यात लेकीचा कॉल आला.

डावीकडे लेक होती. उजवीकडे खुर्ची होती आणि खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. सगळे कपडे लेकीचेच.

"आम्ही दोघं मजेत, आई. हो ना रे?" लेकीने ढिगाला विचारलं. "हो म्हणतोय."

मेकॅनिक झाकणाचे स्क्रू मोजू लागला. पोर चार महिने एकटी बसून आपल्यासाठी दोन माणसांचं बोलत होती.

"कपडे खाली ठेव, बाळ," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये बस."

लेकीने ढीग उचलून खाली ठेवला. मग खुर्ची ओढून मध्ये आली आणि रडत रडत, खालच्या आवाजात काहीतरी सांगू लागली.

काकूंनी पडद्यावरून नजर न काढता मेकॅनिकला सांगितलं, "आवाज वाढव."