गावची बाई

नत्थूलाल पटले दवनीवाड्याचा. धानाची चांगली शेती, दाराशी बैलजोड्या, घरात आई, बायको शामकला आणि मुलगी सुशिला. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. गावात त्याला मान होता, कारण लहानपणी तो भंडाऱ्याला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकला होता. मॅट्रिकच्या आधीच वडील गेले आणि तो परत आला. हेडमास्तर म्हणाले होते की हा पोरगा नागपूरला कॉलेजात जाईल. तो शेतात गेला. वर्षभरात त्याचं लग्न झालं. शामकला शाळेची पायरी चढली नव्हती, पण घर, गोठा आणि रोवणीवरच्या बाया ती अशी सांभाळी की नत्थूलालला कधी कशाची फिकीर करावी लागली नाही. इतकी, की ती सांभाळते हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहत नसे.

मोठं युद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. शामकलाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात होतं. सुशिलाला आजीपाशी ठेवून दोघं निघाली. घरच्या गड्यानं, म्हणजे बिसराम नावाच्या सालदारानं, त्यांना बंडीतून गोंदियाला आणून सोडलं आणि तो बैल घेऊन परतला. नत्थूलालनं लग्नासाठी काळा कोट घातला होता, डोक्यावर टोपी होती. फलाटावर आल्यावर शामकलानं त्याच्या कोटाच्या पाठीवरची फुफाट्याची धूळ पदरानं झटकली, मग डोक्यावर गठडी आणि काखेत लाडवांची टोपली घेऊन ती त्याच्या मागं चालली.

चांद्याकडची छोटी गाडी उशिरा येणार होती. उन्हाळ्याचे दिवस. फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली बाक होतं, तिथं नत्थूलाल बसला. शामकला गठडी-टोपली थोडं बाजूला ठेवून नळावर पाणी आणायला गेली, तिथं बायांची रांग होती.

बाकावर आधीच एक माणूस बसलेला होता. पन्नाशीचा असावा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, उघडं डोकं. सामान म्हणून काही नाही, साधी पिशवीसुद्धा नाही. त्यानं नत्थूलालकडे बघून विचारलं, "आपण इथल्या कोर्टात वकिली करता का?"

नत्थूलाल हसला. नाही, शेती आहे, असं म्हणाला. पण म्हणताना त्याला बरं वाटलं. त्या माणसाची मराठी स्वच्छ होती, कुठल्या मुलखाची ते कळत नव्हतं. नत्थूलालनं शाळेत शिकलेली मराठी काढली. कुठून आलात, असं त्यानं विचारलं तर तो माणूस "आलो असाच" एवढंच म्हणाला, आणि उलट त्यालाच विचारू लागला. शिक्षण कुठं झालं, किती झालं, का सुटलं. नत्थूलालनं सगळं सांगितलं. एवढं सविस्तर त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"समजा," तो माणूस म्हणाला, "वडील गेल्यावर तुम्ही परत आला नसता. मामांनी धरून ठेवलं असतं. मग पुढं काय?"

"मग मॅट्रिक झालो असतो."

"झालात. पुढं?"

पुढं नागपूर. सीताबर्डीवर खोली. नत्थूलाल आधी अडखळत, मग भराभर सांगू लागला. तो माणूस मध्ये फक्त "पुढं?" म्हणे, किंवा खोलीला खिडकी होती का, पावसाळ्यात छत्री कुठली घेतली, असलं काही विचारी. त्या प्रश्नांनी सगळं खरं होत गेलं. बी. ए. झालं, वकिली झाली. धरमपेठेत घर झालं, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, दारावर पितळी पाटी. अशील सकाळी येऊन बसू लागले. नत्थूलालला त्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाची काच दिसत होती. वीस वर्षं आपण चिखलात काढली आणि हे सगळं तिकडं आपली वाट बघत होतं, असं त्याला वाटलं.

"घरात कोण आहे?" त्या माणसानं विचारलं.

"बायको आहे. शिकलेली. ती वर्तमानपत्र वाचून दाखवते मला चहाच्या वेळी."

तेवढ्यात शामकला भरलेला लोटा घेऊन समोर येऊन उभी राहिली. गठडीच्या ओझ्यानं लुगडं चुरगळलेलं, पायांत काही नाही, भेगांत धूळ भरलेली, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. तिनं लोटा पुढं केला.

त्या माणसानं विचारलं, "या कोण?"

नत्थूलाल म्हणाला, "गावची बाई आहे. तिकडंच चालली आहे, म्हणून सोबत आणली."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. शामकलाचा हात तसाच पुढं होता.  तिनं लोटा बाकावर त्याच्याजवळ ठेवला, पदर पुढं ओढला आणि बाकापासून थोडं लांब, उन्हाच्या कडेला, गठडीवर जाऊन बसली. परकी बाई बसेल तशी, पाठ अर्धी वळवून.

अजून वेळ होता. नत्थूलाल उठून म्हणू शकत होता की चुकलं, ही माझी बायको. तो नुसता बसून राहिला. आता सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडेल, या भीतीनं त्याची जीभ उचलेना. त्या माणसानं पाणी मागून घेतलं, वरून ओतून प्याला, लोटा खाली ठेवला. पुन्हा "पुढं?" असं काही विचारलं नाही. 

मोठ्या लायनीवरची गाडी आली. तो माणूस उठला. जाताना तो शामकलासमोर थांबला आणि त्यानं वाकून दोन्ही हात जोडले.

"वहिनी," तो म्हणाला, "पाणी थंड होतं. येतो."

एवढं बोलून तो पूल चढून पलीकडच्या गर्दीत गेला. मागं वळून त्यानं नत्थूलालकडे बघितलंही नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. तो आधीपासून तिथं बसलेला होता, त्यानं त्यांना येताना बघितलं असणार, कोट झटकतानाही बघितलं असणार. खोटं कुणालाच खरं वाटलं नव्हतं, आणि तरी ते बोललं गेलं होतं, तिच्या तोंडावर. नत्थूलालचे कान तापले. तो कोण, कुठला, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नव्हतं आणि पुढंही ते कधी कळलं नाही.

छोटी गाडी लागली तेव्हा शामकलानं गठडी उचलली आणि ती बायांच्या डब्यात जाऊन बसली. एरवी ती त्याच्याजवळच बसत असे. अर्जुनीला उतरल्यावर गावाकडच्या वाटेला ती त्याच्या बरीच मागं चालली. तो थांबला की ती थांबे. त्यानं एकदा हाक मारली, "सुशीची माय, टोपली दे इकडं." ती म्हणाली, "राहू द्या जी, मी आणतो." आवाजात राग नव्हता. मालकाशी बोलावं तशी ती बोलली, आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

लग्नघरी पोचल्यावर मात्र ती बहिणीच्या गळ्यात पडली, हसली, बायांत बसून गाणी म्हणू लागली. कुणाला काही कळलं नाही. पुरुषांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की नत्थूभाऊ कोटात वकीलसाहेब दिसतात. सगळे हसले. नत्थूलालनं उकडतं म्हणून कोट काढला आणि तो कुणाला न दिसेल असा धानाच्या पोत्यांमागं ठेवून दिला. जेवणात त्याचं लक्ष लागेना. त्याला सारखं वाटे, आता कुणीतरी विचारेल, आणि शामकला खरं ते सांगेल. तिनं सांगावं असंही एकदा वाटलं. मग निदान चारचौघांत शिव्या तरी खाता आल्या असत्या.

लग्न लागल्यावर नवरा-नवरीचे पाय धुवायची वेळ आली. जोडप्याजोडप्यानं बसून हे करायचं असतं. मावसा-मावशीचं नाव पुकारलं गेलं. शामकला येऊन त्याच्या डाव्या हाताला पाटावर बसली. मेव्हणीनं तिच्या पदराची आणि त्याच्या उपरण्याची गाठ मारली, आणि बहिणीच्या नवऱ्याकडे बघून थट्टेनं म्हणाली, "घट्ट मारली बाई, भाटवे पळून जातील म्हणून."

बाया खदखदल्या. शामकलाही हसली. नत्थूलालला मान वर करता येईना. पितळी परातीत नवरीचे हळदीचे पाय होते. शामकला पाणी घाली आणि तो पाय धुई.  परातीतलं पाणी हिंदकळून त्याच्या मांडीवर सांडलं. कुणीतरी म्हणालं, मावशाला भरून आलं. तेही त्याला ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परतताना स्टेशनच्या वाटेवर एक तलाव लागतो. ऊन चढलं होतं म्हणून दोघं तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली टेकली. नत्थूलालनं घसा साफ केला. रात्रभर त्यानं काय काय जुळवून ठेवलं होतं, ते एकही आठवेना.

"त्या माणसानं मले बोलता बोलता कुठल्या कुठं नेलं," तो म्हणाला. "म्या म्हणलो नाई, माह्या तोंडातून निंगलं."

शामकला तलावाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "काय सांगत होते तुमी त्याले?"

त्यानं सांगितलं. नागपूर, वकिली, घर, व्हरांडा. फलाटावर जे सोन्यासारखं वाटलं होतं ते आता सांगताना बाजारात ऐकलेल्या गप्पेसारखं वाटत होतं.  तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या घरात मी कुठं होती?" ती म्हणाली.

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं. बोलवलं नाही. "नव्हती," तो म्हणाला.

"दुसरी होती?"

"हो."

तिनं मान हलवली. हिशेबी माणसानं ठीक आहे म्हणावं तशी. मग पायाजवळचं वाळलेलं पान उचलून तिनं त्याचे तुकडे केले.

"माह्याही मनात एक घर हाये," ती म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून हाये. त्यात तुमी नाई."

नत्थूलाल तिच्याकडे बघतच राहिला.

"कोण हाये मंग?"

"ते माह्यं हाये. तुमाले कायले सांगू?" ती त्याच्याकडे वळली. "त्याच्यासाठी मी कधी रडली नाई, न् तुमच्यावर कधी राग काढला नाई. दळता दळता जातो तिथं, वापस येतो. पण कोणी इचारलं, हा मानूस कोन, तं मी सांगतो, माहा नवरा हाये. मनातलं मनात ऱ्हाते. तोंडानं नातं तोडाचं नसते."

त्यानं तिचे पाय धरायला हात पुढं केला. तिनं पाय मागं घेतले. "उठा. गाडी निंगून जाईल," ती म्हणाली आणि गठडी उचलायला वाकली. या वेळी त्यानं टोपली काखेत मारली, तर तिनं नाही म्हटलं नाही. गाडीत ती त्याच्या डब्यात बसली, पण खिडकीकडे तोंड करून. 

त्यानंतर त्यांचा संसार मोडला नाही. शामकलानं ती गोष्ट आईला, बहिणीला, कुणालाच सांगितली नाही, भांडणातसुद्धा काढली नाही. नत्थूलालला तेच जड जाई. तिनं एकदा जरी तोंडावर फेकली असती तरी त्याचा भार हलका झाला असता. धरमपेठेतलं ते घर पुन्हा आठवायला गेलं की त्याला खुर्च्या दिसायच्या आधी लोटा धरलेला हात दिसे, आणि तो विचार सोडून देई.

पण तिचं घर कसं असेल, हे मात्र त्याला सुचत राही. त्यात कोण होतं? माणूस होता, की ती एकटीच? शेत होतं, की दुसरं काही? सुशिलाची चौथी झाली तेव्हा शामकलानं हट्ट धरला की पोरीला गोंदियाला शिकायला ठेवायचं, आणि आजीनं कितीही आदळआपट केली तरी तिनं ऐकलं नाही. नत्थूलाल तिच्या बाजूनं उभा राहिला. त्याला वाटलं, आता कळलं. त्यानं एकदा हळूच विचारलं, "शाळा होती काय त्या घरात?"

शामकला सुपातले खडे वेचत होती. "नाई," ती म्हणाली. "ते नोहे." आणि हसली. एवढ्या वर्षांत आपल्याला एक अंदाजही नीट बांधता येत नाही, या विचारानं तो पुन्हा खाली बघू लागला.

रोवणीच्या दिवसांत ती बायांच्या रांगेत वाकून रोपं लावी. मध्येच कंबर सरळ करायला उभी राही आणि हातात रोपांची जुडी तशीच ठेवून लांब कुठंतरी बघत राही. पूर्वी अशा वेळी नत्थूलाल बांधावरून ओरडत असे, काऊन थांबली म्हणून. आता तो ओरडत नसे. बांधावर उभा राहून तिचं बघून होईपर्यंत थांबे. एखाद्या बाईनं हाक मारलीच तर तो तिला हातानं खुणावून गप्प करी. शामकला थोड्या वेळानं आपणहून खाली वाके आणि पुढचं रोप चिखलात रोवी.