आंब्याला बांधलेला अपूर्व

पोराला झाडाला बांधायचं, ही काही दर्शनाची कल्पना नव्हती. उलट लग्न करून ती माजिवड्याहून इथे आली, पहिली मुलगी अमृता रांगायला लागली, आणि सासूनं एक दिवस नातीच्या कमरेला फडकं गुंडाळून तिला आंब्याच्या खोडाशी बांधून बसवलेलं हिनं पाहिलं, तेव्हा हिचा पाराच चढलेला. "आमच्याकडे कुत्र्याला बांधतात," असं ती तोंडावर बोलून बसली. सासू, बायजाबाई, तीही काही कमी नव्हती. "तुमच्याकडे घराशी विहीर हाय का गो?" एवढंच म्हणाली आणि मेथी उपटायला निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, विहिरीला कठडा नसतो का? होता की. पण एका बाजूनं मोटर वर काढताना पाडलेला, आणि दर्शनाचा नवरा कमलेश "या रविवारी बांधतो" म्हणायचा. असे रविवार किती आले आणि गेले, त्याचा हिशोब कमलेशला विचारा. तोवर त्या भगदाडाला जुनी खाट आडवी उभी करून लावलेली. खाट कितीही म्हटलं तरी खाटच, भिंत नव्हे.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आत, चहूबाजूंनी टॉवर उठलेत आणि मधे यांची एवढीशी शेती. पालक, मेथी, मुळा, बांधाला अळू. कमलेश पहाटेच टेम्पो भरून कल्याणच्या मार्केटला जायचा आणि मग दुसरी भाडी मारत दुपारी उगवायचा. मागे दोन बायका, सगळे वाफे, आणि दोन पोरं. त्यात धाकटा अपूर्व म्हणजे दीड वर्षाचं वादळ. खाली ठेवला की पळाला. दर्शनानं महिनाभर त्याला कडेवर घेऊन पालक कापून बघितला, आणि मग एक दिवस गुपचूप आपली साखरपुड्याची पोपटी साडी फाडली. आधीच विरलेली, मऊ होती. तिचा लांब पट्टा त्याच्या कमरेला आणि आंब्याला. कोंबड्यांपर्यंत पोचायचा, मातीत लोळायचा, पण विहिरीपर्यंत जायचा नाही. पोरगं खूष, आई कामाला मोकळी. सासू बघून हसली, पण बोलली नाही, हा तिचा मोठेपणा.

समोरच्या टॉवरमधून शीलाताई ताजी भाजी न्यायला यायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, स्वभावानं चांगल्या, भावात घासाघीस न करणाऱ्या. एकदा अळूची पानं पिशवीत भरता भरता त्यांनी अपूर्वकडे बघितलं. "अगं, बांधलंयस त्याला?" म्हणाल्या, मोबाईल काढला, आणि जाताना त्याच्या गालाला हात लावून गेल्या. दर्शनाला वाटलं, कौतुकानं काढला असेल फोटो.

चार दिवसांनी तिच्या भावाचा, सिद्धेशचा, मेसेज आला. तोच फोटो. अपूर्व मातीत बसलाय, कमरेला पोपटी पट्टा, मागे टॉवर. वर कुणीतरी लिहिलेलं, 'आपल्या बिल्डिंगखाली अजून हे चालतं.' खाली कुणीतरी विचारलेलं, 'पोरगं आहे की बकरी?' त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. फोटो फिरत फिरत सिद्धेशच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचलेला. त्यानं एवढंच लिहिलं होतं, "ताई, ही तुझी साखरपुड्याची साडी ना?"

दर्शनाचे कान तापले. माजिवड्याच्या घरी आईला दाखवला असेल का यानं? वहिनीला? वहिनी तर चार जणींना दाखवल्याशिवाय राहायची नाही. बारावी झालेली, मॉलमधल्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली आपण, आणि आपलं पोर लोकांच्या मोबाईलमध्ये बकरी झालं. तिनं मातीचे हात तसेच फोनवर चालवले. "नाही रे, शेजाऱ्यांचं आहे ते."

सिद्धेशनं अंगठा पाठवला. तो अंगठा बघून तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटचं पोर, आणि एका मेसेजात शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

मग राग कुणावर काढायचा? जवळ असेल त्याच्यावर. तिनं पट्टा सोडला, तांदळाच्या डब्यामागे कोंबला आणि सासूला बजावलं, "यापुढे याला बांधायचं नाही."

"मंग पोराकडं बघल कोन?"

"अमू बघेल."

अमू म्हणजे अमृता. सहा वर्षांची, पहिलीतली. या अमूचा आवाज हा वेगळाच विषय आहे. तिनं एका बांधावरून "आई" म्हणून हाक मारली की दुसऱ्या बांधावरचे बगळे उडायचे. आजीला तिचं कोण कौतुक. दर्शनानं त्या आठवड्यात तोही आवाज दुरुस्त करायला घेतला. "कुणी आलं की ओरडायचं नाही, अमू. जवळ येऊन हळू बोलायचं. गावठी वाटतं." अमू शहाणी पोर. दोन दिवसांत शिकली.

रविवारी शीलाताईंचा फोन आला, दोन मैत्रिणींना शेत बघायचंय, येऊ का? नाही म्हणता आलं असतं. सासू पलीकडच्या गावात हळदीला गेलेली, कमलेश भाड्यावर, सबबीच सबबी होत्या. पण दर्शनाला नाही म्हणायचंच नव्हतं. तिला दाखवायचं होतं. बघा, आमची पोरंपण माणसांसारखी वाढतात.

तिनं अंगण झाडलं. अमूच्या दोन वेण्या घातल्या. अपूर्वला मामानं ठाण्याहून आणलेला नवा टी-शर्ट चढवला. बसायला मात्र घरात एकच प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय वाकडा. दर्शनानं इकडेतिकडे बघितलं आणि विहिरीवरची खाट ओढून आणली. धुतली, पुसली, वर फुलाफुलांची चादर घातली. त्या गेल्या की लगेच परत लावू, असं मनाशी म्हणाली.

बायका आल्या आणि खाटेवर टेकल्या. शीलाताईंनी अपूर्वला कोंबडीमागे धावताना बघितलं. "अरे वा, आज मोकळा सोडलास."

"रोज मोकळाच असतो हो," दर्शना म्हणाली. "त्या दिवशी सासूबाईंनी बांधलेला. जुन्या माणसांना किती सांगायचं?"

बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही.

मग काय विचारता. किती छान, किती मोकळी हवा, आमची नातवंडं चौदाव्या मजल्यावर कोंडलेली, तुझी मुलं नशीबवान गं. दर्शना चहा ओतत होती आणि एकेक शब्द पिऊन घेत होती. लग्न झाल्यापासून या मातीबद्दल कुणी तिच्याशी असं बोललं नव्हतं.

"आई," अमू मागे येऊन हळूच म्हणाली. "अप्पू ना..."

"थांब, मोठी माणसं बोलतायत."

"आई."

दर्शनानं मागे न बघता हाताचा पंजा दाखवला. तिसरी हाक आली नाही. पोरगी समजूतदार झाली, असं वाटून तिला बरंच वाटलं. साखर पुरेशी आहे का, तिनं विचारलं.

शीलाताईंचं तोंड विहिरीकडे होतं. त्या कप हातात घेऊनच उभ्या राहिल्या. "दर्शना, ती मुलगी बघ..."

अमू भगदाडाशी पालथी पडली होती. तिच्या दोन्ही मुठींत नवा टी-शर्ट होता आणि टी-शर्टात अपूर्व. त्याचं पोट काठावर, पाय आत लोंबत होते. अमूच्या पायाची बोटं मातीत रुतलेली, वेण्या धुळीत. तिच्या तोंडातून आवाज नव्हता. ओठ घट्ट मिटलेले.

दर्शना कशी धावली, तिचं तिला ठाऊक नाही. तिनं अपूर्वला दंडाला धरून ओढलं, अमूला फ्रॉकला धरून ओढलं, आणि तिघं मागे मातीत पडली. आत्ता कुठे अपूर्वनं भोकाड पसरलं. अमूच्या मुठी सुटेनात. दर्शनानं एकेक बोट उलगडलं.

"मी ओरडले नाही हां आई," अमू म्हणाली. धाप लागलेली, पण शाबासकी मागत होती. "पाहुणे होते ना."

दर्शनाला तोंड लपवायला जागा उरली नाही. आणि लोकांपासून नव्हे. लोक गेले खड्ड्यात. समोर सहा वर्षांची पोर होती, तिच्यापासून.

ती उठली, घरात गेली, तांदळाच्या डब्यामागून पट्टा काढून आणला. सगळ्यांसमोर आंब्याला गाठ मारली, पण पोराच्या कमरेची गाठ काही बसेना, रडणारं पोर जागेवर थांबेना. शीलाताईंनी खाली बसून अपूर्वला धरलं.

"त्या दिवशी सासूबाईंनी नव्हता बांधलेला," दर्शना गाठीकडे बघत म्हणाली. "मीच बांधलेला. मीच बांधते."

शीलाताईंनी पट्टा आपल्या हातात घेऊन गाठ मारली. मग म्हणाल्या, "तो फोटो मीच पाठवलेला गं ग्रुपवर." दर्शनाला ते ठाऊकच होतं. तिला राग यायला हवा होता, पण आता तो आणायचा कुठून? बाकीच्या दोघींनी न सांगता चादर काढली, खाट उचलली आणि विहिरीला नेऊन लावली.

दर्शनानं अमूला जवळ ओढलं, गुडघ्यावर बसून तिच्या चेहऱ्यावरची माती पुसली. "अमू, ओरड."

"का?"

"मी सांगते म्हणून. आधी मारायचीस तशी हाक मार मला. बगळे उडतील अशी."

अमूनं आईकडे बघितलं. मग मान वळवून शीलाताईंकडे बघितलं, त्या दोघींकडे बघितलं. फ्रॉक झटकून नीट केला.

"आई," ती हळूच म्हणाली.

"मोठ्यानं, बाळा."

अमूनं पुन्हा आधी बायकांकडेच बघितलं.