फ्रिजबाहेरचा अर्धा तास

इंजेक्शनचं पेन ताटलीत आडवं पडलं होतं आणि त्याच्या इवल्याशा खिडकीवर थेंब जमत होते. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवायचं, गार औषध टोचलं की जास्त दुखतं. महिन्यातून एकदा एवढा अर्धा तास अरुंधतीला काही करायचं नसतं, आणि काही न करण्याचाही आताशा कंटाळा येतो.

आठ वर्षं तिने तळोजाच्या कारखान्यांच्या हवेला बोल लावला. वारा फिरला की तो उग्र वास नवीन पनवेलपर्यंत येतो, म्हणून कोपरावरचे लाल चट्टे, म्हणून सकाळी चादरीवर पडलेला तो पांढरा भुगा... बोटं सुजली तेव्हा मात्र हाडांचा डॉक्टर. कातडीचा वेगळा, हाडांचा वेगळा, दोघांच्या फायली वेगवेगळ्या पिशव्यांत. शेवटी एका तिसऱ्याने दोन्ही पिशव्या एकदम उघडल्या — "दुखणं एकच आहे, ताई. शरीरातलंच एक प्रथिन, इंटरल्यूकिन-सतरा. शत्रू आला की हाकाटी पिटायची, हे त्याचं काम. तुमच्यात शत्रू नसतानाही ते ओरडत राहतं. कातडीतही, सांध्यांतही." म्हणजे बाहेरून काही आलंच नव्हतं. मग मी इतकी वर्षं खिडक्या कशाला बंद ठेवल्या? भर उकाड्यात, सगळ्यांना आत कोंडून...

"आई, तेल लावतेस?" मिताली वाटी घेऊन तिच्या पायांशी बसलीसुद्धा. "आता बरी आहेत ना तुझी बोटं?"

बरी होती. सात महिन्यांच्या इंजेक्शनांनी ती पुन्हा मिटू-उघडू लागली होती. त्याआधी दोन वर्षं लेकीच्या केसांत हात घालता आला नव्हता. कोमट तेल, दाट केस, आणि डाव्या कानामागे — बोट थांबलं. जाडसर, खरखरीत, रुपयाएवढं. वाकून बघायची अरुंधतीला गरज नव्हती.

"हे कधीपासून?"

"कोंडा आहे गं. शाम्पू चेंज केला ना मी." मितालीने मोबाइलमधून मानही वर केली नाही.

कोंडाच असेल. असूही शकतो — प्रत्येक मुलात उतरतंच असं नाही, डॉक्टर म्हणाले होते. उतरू शकतं, हेही तेच म्हणाले होते. बावीस वर्षांची पोर. सांगावं तर आजपासून तिची झोप जाईल, न सांगावं तर तिचीही आठ वर्षं कुठल्यातरी वाऱ्याला दोष देण्यात... बोटं आखडलेलीच असती तर हे सापडलं नसतं. अरुंधती थकली होती, फार थकली होती, आणि राग काढायला आता तळोजाही उरला नव्हता.

अर्धा तास होऊन गेला होता. एरवी ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची, लेकीने बघू नये म्हणून. आजही ताटली घेऊन आत गेली, पलंगाच्या कडेला बसली, आणि उघड्या दाराकडे बघत राहिली. उठून कडी लावायला हवी होती. उठावंसं वाटेना.

"मिताली," तिने हाक मारली. पुढे काय बोलायचं ते अजून सुचलं नव्हतं. घाबरायचंच असेल तर दोघींनी मिळून घाबरावं, एवढंच तिला आज पहिल्यांदा वाटत होतं.